नाशिक जिल्ह्यातील धरणांचा जलसाठा

नाशिक जिल्ह्यातील धरणांचा जलसाठा म्हणजे महाराष्ट्राच्या नाशिक जिल्ह्यात गोदावरी व गिरणा या नद्यांच्या खोऱ्यांत बांधलेल्या मोठ्या आणि मध्यम जलाशयांतील उपयुक्त पाणी होय. जिल्ह्याच्या साठ्याच्या हिशोबात दीर्घकाळ ७ मोठे व १७ मध्यम असे एकूण २४ प्रकल्प धरले जात आले असून त्यांची एकत्रित उपयुक्त क्षमता ६५,६६४ दशलक्ष घनफूट, म्हणजे सुमारे १,८६० दशलक्ष घनमीटर आहे. द्राक्षे, कांदा, डाळिंब, टोमॅटो, ऊस आणि भाजीपाला या पिकांचे क्षेत्र, शहरांचा पाणीपुरवठा आणि खालच्या बाजूच्या अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) व जळगाव या जिल्ह्यांचे सिंचन या साठ्यावर अवलंबून असते. त्यामुळे पावसाळ्याच्या अखेरीस धरणांत किती पाणी आहे, हा प्रश्न या भागात शेती, प्रशासन, राजकारण व न्यायालयीन वाद या सर्वांशी निगडित झाला आहे.

## भौगोलिक पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम सीमेवर सह्याद्रीची मुख्य रांग आहे. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ व सुरगाणा हे तालुके घाटमाथ्यावर किंवा त्याच्या लगत येतात. इगतपुरी परिसरात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेकडे जाताना पावसाचे प्रमाण झपाट्याने घटते. सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड व मालेगाव हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात असून तेथील सरासरी पाऊस साधारणतः ५०० ते ७०० मिलिमीटरच्या दरम्यान असतो. अशा प्रकारे एकाच जिल्ह्यात भातशेतीचा अतिपावसाचा पट्टा आणि वारंवार टँकर लागणारा अवर्षणप्रवण पट्टा असे दोन्ही आढळतात.

गोदावरी नदी त्र्यंबकेश्वरजवळील ब्रह्मगिरी डोंगरात उगम पावते. दारणा, कादवा, आळंदी इत्यादी नद्या तिला जिल्ह्यातच मिळतात. जिल्ह्याच्या उत्तर भागातील गिरणा, मोसम, आरम व पुनद या नद्यांचे पाणी तापी खोऱ्यात जाते. घाटमाथ्यापलीकडे नार, पार, दमणगंगा व वैतरणा या नद्या पश्चिमेला अरबी समुद्राकडे वाहतात. पश्चिमेचा पाऊस धरणांत अडवून कालव्यांद्वारे पूर्वेच्या कोरड्या भागाला देणे, हे जिल्ह्यातील बहुतेक प्रकल्पांचे मूळ सूत्र आहे. परिणामी येवल्यासारख्या तालुक्यात पाऊस पडला नाही, तरी दिंडोरीच्या डोंगरात तो पडल्यास कालव्याच्या लाभक्षेत्रातील पीक वाचू शकते.

## इतिहास

### फड पद्धत

आधुनिक धरणांपूर्वीही या भागात सामूहिक सिंचनाची परंपरा होती. नाशिक व धुळे जिल्ह्यांत मोसम, आरम, गिरणा, पांझरा या नद्यांवर छोटे दगडी बंधारे बांधून पाटाने शेतीला पाणी देण्याची फड पद्धत काही शतके प्रचलित होती. लाभक्षेत्राचे ‘फड’ नावाचे भाग पाडले जात आणि एका फडात सर्व शेतकरी एकच पीक घेत. कोणत्या फडात जास्त पाण्याचे पीक घ्यायचे, हे नदीतील पाण्याचा अंदाज घेऊन आळीपाळीने ठरवले जाई. पाणी वाटण्यासाठी गावाने नेमलेले पाटकरी असत. उपलब्ध पाणी पाहून पीक ठरवण्याचे तत्त्व या पद्धतीच्या मुळाशी होते.

### ब्रिटिश काळ

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या मोठ्या दुष्काळांनंतर मुंबई इलाख्यात संरक्षक सिंचनाची कामे हाती घेण्यात आली. त्यांत गोदावरीवर नांदूर मधमेश्वर येथे बंधारा बांधण्यात आला व त्याच्या दोन्ही तीरांवरून कालवे काढण्यात आले. या कालव्यांना पाणी पुरवण्यासाठी इगतपुरी तालुक्यात दारणा नदीवर धरण बांधण्यात आले. ते १९१६ साली पूर्ण झाले. गोदावरी कालव्यांचा लाभ निफाड तालुक्यासह कोपरगाव व राहाता या अहिल्यानगर जिल्ह्यातील भागाला होतो. या कालव्यांमुळे तेथे ऊस व पुढे साखर उद्योग वाढला.

### स्वातंत्र्योत्तर काळ

स्वातंत्र्यानंतर नाशिक शहराजवळ गोदावरीवर गंगापूर धरण बांधण्यात आले. हे ३,९०२ मीटर लांबीचे व सुमारे ३६.६ मीटर उंचीचे मातीचे धरण १९६५ मध्ये पूर्ण झाले. नांदगाव तालुक्यात गिरणा नदीवरील मोठे धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर कादवा व तिच्या उपनद्यांवर करंजवण, वाघाड, पालखेड, ओझरखेड ही धरणे आणि गोदावरीच्या वरच्या भागात काश्यपी, गौतमी गोदावरी, मुकणे, भावली ही धरणे उभी राहिली. या प्रकल्पांसाठी अनेक गावांची शेतजमीन पाण्याखाली गेली. काश्यपीसारख्या धरणाच्या बाबतीत प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा व नोकऱ्यांचा प्रश्न धरण पूर्ण झाल्यानंतरही दीर्घकाळ रेंगाळला.

## प्रमुख धरणे व त्यांची क्षमता

पुढील आकडे उपयुक्त साठ्याचे असून ते दशलक्ष घनफूट (दलघफू) या एककात आहेत.

- गंगापूर धरणसमूह (१०,१६६): गंगापूर ५,६३०; गौतमी गोदावरी १,८६८; काश्यपी १,८५२; आळंदी ८१६.
- दारणा धरणसमूह (१८,९००): मुकणे ७,२३९, दारणा ७,१४९, कडवा १,६८८, भावली १,४३४, वालदेवी १,१३३, नांदूर मधमेश्वर २५७.
- पालखेड धरणसमूह (८,३२६): करंजवण ५,३७१, वाघाड २,३०२, पालखेड ६५३.
- ओझरखेड धरणसमूह (३,२०८): ओझरखेड २,१३०, पुणेगाव ६२३, तिसगाव ४५५.
- सिन्नर तालुका: भोजापूर ३६१.
- गिरणा खोरे (२४,७०३): गिरणा १८,५००, चणकापूर २,४२७, पुनद १,३०६, हरणबारी १,१६६, केळझर ५७२, नागासाक्या ३९७, माणिकपुंज ३३५.

या यादीत एकट्या गिरणा धरणाचा वाटा एक चतुर्थांशाहून अधिक आहे. त्यामुळे जिल्ह्याच्या एकूण टक्केवारीचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगावी लागते. उदाहरणार्थ, गिरणा धरणात केवळ ३० टक्के पाणी असून उर्वरित सर्व धरणे पूर्ण भरली, तर जिल्ह्याचा साठा सुमारे ८० टक्के दिसतो; परंतु मालेगाव, नांदगाव व जळगाव जिल्ह्यातील लाभक्षेत्रासाठी ते वर्ष टंचाईचे ठरते. याउलट भोजापूर, तिसगाव किंवा माणिकपुंज यांसारखे लहान जलाशय कोरडे राहिले, तरी जिल्ह्याच्या आकड्यात त्याचा जवळजवळ परिणाम दिसत नाही.

इगतपुरी व त्र्यंबकेश्वर परिसरातील अप्पर वैतरणा धरणाचे पाणी मुंबई महानगराला जात असल्याने ते या २४ प्रकल्पांत धरले जात नाही. भाम व वाकी ही इगतपुरी तालुक्यातील धरणे मुकणे व भावली यांच्यासह नांदूर मधमेश्वर जलद कालव्याच्या योजनेचा भाग आहेत. या कालव्याचे पाणी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर व गंगापूर तालुक्यांसाठी आहे.

## पाणीपातळी व साठ्याचे मापन

धरणातील पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत, मीटरमध्ये नोंदवली जाते. जलाशयाच्या सर्वेक्षणावरून प्रत्येक पातळीला किती पाणी मावते याचा तक्ता तयार केलेला असतो आणि रोजची पातळी पाहून त्यावरून साठा काढला जातो. जलाशयाचा आकार वर रुंद होत जात असल्यामुळे तळाजवळील एक मीटर पाण्यापेक्षा माथ्याजवळील एक मीटर पाण्यात कितीतरी अधिक साठा असतो. म्हणून केवळ पातळी किती मीटरने घटली यावरून टंचाईचा अंदाज करता येत नाही.

साठ्याचे दोन भाग मानले जातात. कालव्याच्या विमोचकाच्या खाली राहणारे पाणी म्हणजे मृत साठा आणि त्यावरील, पूर्ण संचय पातळीपर्यंतचे पाणी म्हणजे उपयुक्त साठा. वृत्तपत्रांत येणारी टक्केवारी सामान्यतः उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे धरणात ‘शून्य टक्के’ पाणी असल्याचे जाहीर झाले, तरी जलाशयात मृत साठा शिल्लक असू शकतो. तीव्र टंचाईत तो पंपाने उचलून पिण्यासाठी वापरला जातो.

एक हजार दशलक्ष घनफूट म्हणजे एक टीएमसी. ते २८.३२ दशलक्ष घनमीटर इतके असते. विसर्ग मोजण्यासाठी घनफूट प्रतिसेकंद, म्हणजे क्युसेक हे एकक वापरतात. सुमारे ११,५७४ क्युसेकचा विसर्ग सलग २४ तास चालू राहिल्यास एक टीएमसी पाणी वाहून जाते. शेतीच्या दृष्टीने पाहता, एका पाळीत शेतावर १० सेंटिमीटर उंचीचे पाणी द्यायचे ठरवले, तर एक टीएमसी पाण्यात हिशोबाने सुमारे २८,००० हेक्टरला एक पाळी मिळते. कालव्यातील पाझर, बाष्पीभवन व वितरणातील गळतीने अर्धे पाणी वाया गेले, तर हेच क्षेत्र १४,००० हेक्टरवर येते.

## साठ्याचे वार्षिक चक्र

जून ते सप्टेंबर या काळात धरणे भरतात. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच धरण काठोकाठ भरू दिल्यास पुढील पुराला जागा उरत नाही. त्यामुळे कोणत्या तारखेपर्यंत किती पातळी राखायची, याचे जलाशय परिचालन वेळापत्रक ठरलेले असते. सप्टेंबरनंतर परतीचा पाऊस झाल्यास साठा पूर्ण होतो. १५ ऑक्टोबर ही सिंचनाच्या दृष्टीने महत्त्वाची तारीख आहे, कारण त्या दिवसापासून रब्बी हंगाम धरला जातो आणि त्या वेळचा साठा पाहून पुढील आठ महिन्यांचे नियोजन केले जाते. सिंचन वर्षात १ जुलै ते १४ ऑक्टोबर खरीप, १५ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर रब्बी आणि १ मार्च ते ३० जून उन्हाळी हंगाम मानला जातो.

मार्चनंतर पिकांची व शहरांची मागणी वाढते, त्याच वेळी उन्हामुळे बाष्पीभवनही वाढते. मे महिन्याच्या अखेरीस साठा सर्वांत कमी असतो. जून कोरडा गेल्यास पिण्याच्या पाण्याची अडचण होऊ नये, म्हणून काही पाणी जुलैपर्यंत राखून ठेवले जाते.

## शेतीतील महत्त्व

### द्राक्षे

दिंडोरी, निफाड, नाशिक व चांदवड या तालुक्यांत द्राक्षबागांचे मोठे क्षेत्र आहे. द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास होणारी खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी असते, तर ऑक्टोबरच्या सुमारास होणारी गोडी बहार छाटणी फळासाठी असते. खरड छाटणीनंतरच्या काळात काडीच्या डोळ्यांत पुढील घडांची निर्मिती होते. हा काळ नेमका धरणे व विहिरी तळ गाठण्याचा असतो. त्या वेळी पाण्याचा ताण पडल्यास त्याचा परिणाम पुढील हंगामातील घडांच्या संख्येवर दिसतो. बाग उभी करण्याचा खर्च मोठा असल्याने आणि वेली अनेक वर्षे टिकणाऱ्या असल्याने एका उन्हाळ्यात बाग वाळली, तर शेतकऱ्याचे नुकसान त्या एका पिकापुरते मर्यादित राहत नाही.

### कांदा

लासलगाव ही देशातील प्रमुख कांदा बाजारपेठ आहे. जिल्ह्यात खरीप, रांगडा व उन्हाळ असे कांद्याचे तीन हंगाम होतात. उन्हाळ कांद्याची लागवड प्रामुख्याने डिसेंबर-जानेवारीत व काढणी एप्रिल-मेमध्ये होते. हा कांदा चाळीत साठवून पावसाळ्यात व त्यानंतर विकला जातो. त्याच्या वाढीचा संपूर्ण काळ पावसाविना जात असल्याने कालव्याचे आवर्तन व विहिरींचे पाणी हाच त्याचा आधार असतो. धरणे कमी भरली की उन्हाळ कांद्याचे क्षेत्र घटते. त्याचा परिणाम पुढील पावसाळ्यात देशभरच्या बाजारातील आवकेवर व दरांवर होऊ शकतो.

### इतर पिके व भूजल

कळवण, देवळा, सटाणा व मालेगाव भागात डाळिंब, कांदा व मका, निफाड व गोदावरी कालव्यांच्या पट्ट्यात ऊस, गहू व सोयाबीन, तर दिंडोरी व पिंपळगाव बसवंत परिसरात टोमॅटो ही महत्त्वाची पिके आहेत. फळबागांना आता मुख्यतः ठिबक सिंचनाने पाणी दिले जाते. अनेक शेतकरी आवर्तनाच्या काळात विहिरी व अस्तरीकरण केलेली शेततळी भरून घेतात आणि ते पाणी पुढे पुरवून वापरतात. कालवा वाहू लागला की त्याच्या पाझराने लगतच्या विहिरींची पातळी वाढते. त्यामुळे ज्यांना कालव्याचे पाणी थेट मिळत नाही, अशा शेतकऱ्यांनाही धरणसाठ्याचा अप्रत्यक्ष लाभ होतो.

## सिंचन व्यवस्थापन

धरणातून कालव्यात ठरावीक दिवस सोडल्या जाणाऱ्या पाण्याला आवर्तन म्हणतात. हंगामात किती आवर्तने द्यायची, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरते. या समितीत लोकप्रतिनिधी, जलसंपदा विभागाचे अधिकारी व लाभधारकांचे प्रतिनिधी असतात. पिण्याचे पाणी व इतर आरक्षण वजा केल्यानंतर उरलेला साठा सिंचनास मिळतो. लाभधारक नमुना क्रमांक ७ मध्ये पाणी मागणी अर्ज भरतात आणि त्यांना शेजपाळीने, म्हणजे क्रमाक्रमाने पाणी दिले जाते.

कालव्याच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे ‘टेल’ला पाणी न पोहोचणे ही जुनी तक्रार आहे. कालव्यावरून सायफन पद्धतीने पाणी ओढणाऱ्या नळ्यांना स्थानिक भाषेत ‘डोंगळे’ म्हणतात. पिण्यासाठी आवर्तन सोडले असताना असे डोंगळे काढणे, काठावरील विद्युतपंपांचा वीजपुरवठा बंद ठेवणे व बंदोबस्त नेमणे असे उपाय करावे लागतात. पालखेड डाव्या कालव्यावर निफाडपासून येवला व मनमाडपर्यंतच्या गावांची मागणी असल्याने वरच्या व शेवटच्या भागांतील हा ताण ठळकपणे जाणवतो.

या प्रश्नावर दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पाने वेगळे उदाहरण घालून दिले. ओझर येथील समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने, बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नांतून, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस कालव्याच्या शेवटच्या भागात पाणी वापर संस्था स्थापन झाल्या. या संस्था शासनाकडून घनमापन पद्धतीने, म्हणजे मोजून पाणी घेतात व सभासदांना त्याचे वाटप करून पाणीपट्टी गोळा करतात. पुढे संपूर्ण प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात अशा संस्था होऊन त्यांचा प्रकल्पस्तरीय संघ निर्माण झाला. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याने अशा संस्थांना राज्यभर वैधानिक आधार मिळाला.

## पिण्याचे पाणी व इतर वापर

नाशिक शहराला गंगापूर धरणसमूहातून व मुकणे धरणातून पाणी मिळते. दारणा नदीचाही वापर होतो. मालेगावला गिरणा व चणकापूर धरणांचा, तर मनमाड व येवला या शहरांना पालखेड कालव्याच्या आवर्तनाचा आधार आहे. राज्याच्या जलधोरणात पिण्याच्या पाण्याला प्रथम प्राधान्य आहे. शहरांची लोकसंख्या वाढत गेली तसे गंगापूर व मुकणे यांतील बिगरसिंचन आरक्षण वाढले आणि सिंचनासाठी उरणारा हिस्सा आकसला. दर बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या काळात पर्वणीच्या स्नानांसाठीही गंगापूर धरणातून पाणी सोडले जाते. २०१५ च्या टंचाईच्या वर्षात या वापराविषयी न्यायालयात प्रश्न उपस्थित करण्यात आला होता.

## समन्यायी पाणीवाटप व जायकवाडीचा वाद

गोदावरीवर पैठण येथे असलेल्या जायकवाडी प्रकल्पाचा नाथसागर जलाशय १९७६ मध्ये पूर्ण झाला. त्याची उपयुक्त क्षमता २,१७१ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ७६.६५ टीएमसी आहे. या एका जलाशयाची क्षमता नाशिक जिल्ह्यातील सर्व २४ प्रकल्पांच्या एकत्रित क्षमतेहून अधिक आहे. गोदावरी पाणीतंटा लवादाच्या निवाड्यानुसार पैठणपर्यंतच्या खोऱ्यातील पाणी वापरण्याचा हक्क महाराष्ट्राला आहे. मात्र ते पाणी राज्यातील वरच्या व खालच्या भागांनी आपसांत कसे वाटावे, हा प्रश्न राहिला. वरच्या बाजूला धरणे वाढली, तसे कमी पावसाच्या वर्षांत जायकवाडीत येणारे पाणी घटले.

महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ मधील कलम १२(६)(ग) नुसार टंचाईच्या काळात उपखोऱ्यातील सर्व जलाशयांत ऑक्टोबरअखेर पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील, असे नियंत्रण करणे अपेक्षित आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला व त्यावर आधारित आदेश प्राधिकरणाने १९ सप्टेंबर २०१४ रोजी काढला. जायकवाडीचा साठा, खरिपातील वापर धरून, १५ ऑक्टोबरला ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचे सूत्र त्यात आहे. २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे हे तत्त्व उचलून धरले. २०१५ व २०१८ मध्ये नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडण्यात आले. २०२३ मध्ये सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला व नोव्हेंबर महिन्यात विसर्ग सुरू झाला.

नाशिकमधील शेतकऱ्यांचा आक्षेप असा की, रब्बीच्या तोंडावर पाणी सोडल्याने उभ्या बागा व कांद्याची लागवड धोक्यात येते आणि कोरड्या नदीपात्रातून जाताना पाण्याचा मोठा वाटा वाया जातो. मराठवाड्याचे म्हणणे असे की, जायकवाडीचे लाभक्षेत्र व त्यावर अवलंबून असलेली शहरे यांचाही त्याच खोऱ्यातील पाण्यावर हक्क आहे आणि वरची धरणे भरल्यानंतर उरेल तेवढेच पाणी खाली येणे अन्यायकारक आहे. गिरणा खोऱ्यातही काहीशी अशीच स्थिती आहे. तेथे धरण नाशिक जिल्ह्यात असले, तरी त्याचे सिंचन मुख्यतः जळगाव जिल्ह्यात होते.

## पूर व अवर्षण

भरलेल्या धरणांतून पाणी सोडावे लागल्यास नाशिक शहरातील गोदाघाटावर पूर येतो. पुराची तीव्रता सांगताना नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, हे प्रमाण मानतात. १९६९, सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६ व ऑगस्ट २०१९ मधील पूर मोठे होते. याउलट २०१५ च्या अपुऱ्या पावसानंतर एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले होते. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत त्याच घाटावर महापूर आला. साठ्याचे नियोजन किती मोठ्या चढउतारांत करावे लागते, हे त्यावरून दिसते.

## गाळ व वळण योजना

पावसाबरोबर येणाऱ्या मातीने जलाशयांची क्षमता घटत जाते. गंगापूर धरणाची उपयुक्त क्षमता मूळ ७,२०० दलघफू होती. गाळामुळे ती ५,६३० दलघफू मानली जाते. म्हणजेच धरण शंभर टक्के भरले, तरी पूर्वीपेक्षा एक पंचमांशाहून अधिक पाणी कमी साठते. गाळ काढून तो शेतात पसरवण्याचे उपक्रम राबवले जातात. मोठ्या धरणांत मात्र साचलेल्या गाळाच्या मानाने असे काम मर्यादितच राहते.

दुसरा पर्याय म्हणून पश्चिमवाहिनी नद्यांचे पाणी पूर्वेकडे वळवण्याच्या योजना मांडल्या गेल्या आहेत. दिंडोरी तालुक्यातील मांजरपाडा (देवसाणे) योजनेत पार नदीच्या खोऱ्यातील पाणी बोगद्याद्वारे पुणेगाव धरणाकडे वळवले जाते आणि तेथून ते कालव्याने येवल्याच्या दिशेने नेण्याचे नियोजन आहे. गिरणा खोऱ्यासाठीच्या नार-पार-गिरणा नदीजोड योजनेला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मान्यता दिली. अशा योजनांमुळे गोदावरी व गिरणा खोऱ्यांतील तूट कमी होण्याची अपेक्षा आहे. तथापि, पाणी उचलण्याचा खर्च आणि उगमाकडील पेठ व सुरगाणा या आदिवासी तालुक्यांच्या स्वतःच्या गरजा हे प्रश्न या योजनांशी जोडलेले आहेत. सर्वाधिक पावसाच्या या तालुक्यांतील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची टंचाई जाणवते.

## हेही पाहा

- गोदावरी नदी
- गिरणा नदी
- गंगापूर धरण
- जायकवाडी धरण
- नांदूर मधमेश्वर पक्षी अभयारण्य
- फड पद्धत